घरात इन्फ्रारेड सॉना: निवड आणि बसवणी

घरी इन्फ्रारेड सॉना घ्यावा असे मनात आले की बहुतेकजण केबिनची छायाचित्रे पाहायला लागतात. लाकडाचा रंग, काचेचा दरवाजा, आतले रंगीत दिवे, ब्लूटूथ स्पीकर यांवर बरीच चर्चा होते, आगाऊ रक्कम भरली जाते, आणि त्यानंतर वायरमन सांगतो की त्या खोलीत एवढा भार पेलणारी वायरच नाही. हा क्रम उलटा असायला हवा. घरातील कोणाकोणाला ही उष्णता मानवेल हे पहिल्यांदा ठरवावे, मग केबिन कुठे उभी राहील ते पाहावे, तिथपर्यंत वीज सुरक्षितपणे कशी पोहोचेल याची खात्री करावी आणि मगच केबिनकडे वळावे. पुढील मजकूर याच क्रमाने, आणि मुख्यतः महाराष्ट्रातील फ्लॅट, रो-हाउस व बंगले डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

उष्णतेचे स्वरूप आणि तिच्या मर्यादा

फिनलंडमधील पारंपरिक सॉनात दगड तापवलेले असतात, खोलीतील हवा साधारण 80 ते 100 अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि ती तापलेली हवा शरीराला तापवते. इन्फ्रारेड केबिनमध्ये भिंतींवर बसवलेल्या हीटरमधून निघणारे अवरक्त किरण थेट अंगावर पडतात आणि हवा बहुधा 45 ते 60 अंशांच्या दरम्यानच राहते. दगड नाहीत, पाणी ओतणे नाही, वाफ नाही, आणि म्हणूनच ही केबिन घरातील एखाद्या कोरड्या खोलीत ठेवता येते.

हे किरण शरीरात इंच-दीड इंच खोल शिरतात असे विक्रेते सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नये. घरगुती केबिनमधील दूर-अवरक्त, म्हणजे लांब तरंगलांबीचे अवरक्त, किरण त्वचेच्या अगदी वरच्या थरात, मिलिमीटरच्या अंशाइतक्या खोलीवरच, शोषले जातात. पुढची उष्णता रक्ताभिसरणातून शरीरभर पोहोचते. घामावाटे विषद्रव्ये बाहेर पडून शरीर शुद्ध होते, हा दावाही असाच सैल आहे. घाम हा जवळजवळ सगळा पाणी आणि मीठ असतो. शरीरातील नको असलेली द्रव्ये निचरण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घाम येऊन गेल्यावर वजनकाट्यावर दिसणारी घट ही पाण्याची असते आणि दोन पेले पाणी प्यायल्यावर ती भरून निघते.

मग केबिन घ्यायचीच कशाला, तर स्नायू सैल पडतात, व्यायामानंतरचा ताठरपणा कमी वाटतो, झोप शांत लागते असा अनेकांचा अनुभव आहे आणि तेवढ्यासाठी ती घेणे पुरेसे रास्त आहे. वैद्यकीय बाजूने पाहिले तर जपानमधील कागोशिमा येथे हृदयरोगतज्ज्ञ चुवा तेई यांनी विकसित केलेली ‘वाओन’ पद्धत सर्वांत परिचित आहे. तीत रुग्णाला 60 अंशांच्या कोरड्या इन्फ्रारेड खोलीत 15 मिनिटे बसवतात आणि नंतर 30 मिनिटे ब्लँकेट पांघरून विश्रांती देतात. मात्र हा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतो. फिनलंडमधील दोन हजारांहून अधिक पुरुषांवर झालेला, 2015 साली प्रसिद्ध झालेला आणि जाहिरातींत वारंवार डोकावणारा अभ्यास पारंपरिक, सुमारे 80 अंशांच्या सॉनाविषयी आहे. त्याचे निष्कर्ष इन्फ्रारेड केबिनला जसेच्या तसे चिकटवणे योग्य नाही.

कोणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये, हे घरातील प्रत्येक व्यक्तीच्या बाबतीत आधीच ठरवून ठेवावे. गरोदर स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले किंवा छातीत दुखण्याचा त्रास असलेले रुग्ण, रक्तदाब कमी राहणारे, लघवी वाढवणारी किंवा रक्तदाबाची औषधे घेणारे, या सगळ्यांनी विचारणे आवश्यक आहे. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे, म्हणून एक गोष्ट विशेष जोर देऊन सांगावीशी वाटते: ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहामुळे कमी झाली आहे त्यांना पोटरीजवळच्या हीटरचा चटका वेळीच कळत नाही आणि भाजल्याची जखम पुढे महिनोन्‌महिने चिघळू शकते. ताप असताना किंवा मद्यपानानंतर कोणीही केबिनमध्ये बसू नये. लहान मुलांसाठी ही सोय नाहीच. अपत्यप्राप्तीच्या प्रयत्नात असलेल्या पुरुषांनीही सल्ला घ्यावा, कारण सततच्या उष्णतेने शुक्राणूंची संख्या तात्पुरती घटू शकते.

जागा

एका व्यक्तीची केबिन साधारण 3 फूट बाय 3 फूट आणि दोघांची सुमारे 4 फूट बाय साडेतीन फूट जागा घेते. उंची सव्वासहा ते साडेसहा फूट असते. एवढी जागा तर कुठेही निघेल, असे वाटते, पण मोजमाप फक्त जमिनीचे करून चालत नाही. छताचा भाग सर्वांत शेवटी वरून ठेवायचा असतो आणि हीटरच्या व दिव्यांच्या जोडण्या बहुतेक केबिनमध्ये त्या छतावरच असतात; म्हणून केबिनच्या माथ्यावर हात फिरेल एवढी, निदान एक फुटाची, मोकळीक हवी. माळ्याखाली केबिन बसवायचा मोह इथेच फसतो. खोलीतील छताचा पंखाही विसरू नये. केबिनच्या माथ्यावर कोणी वाकून काम करत असताना पंख्याची पाती डोक्याच्या अगदी जवळ येतात, त्यामुळे पंखा दूर असावा किंवा त्याचा भिंतीवरचा पंखा करून घ्यावा. मागे आणि बाजूंना भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर ठेवावे आणि दरवाजा पूर्ण उघडून बाहेर पडता येईल एवढी जागा पुढे राखावी, कारण चक्कर आलेल्या माणसाला अडखळत बाहेर यावे लागू नये.

कोणती भिंत निवडायची हा आपल्या हवामानात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्याजवळच्या गावांत पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो आणि त्या बाजूची बाहेरची भिंत जून ते सप्टेंबर ओल धरते. अशा भिंतीला टेकून ठेवलेल्या केबिनच्या मागच्या फळ्यांवर बुरशी येते आणि ती दिसत नसल्यामुळे आधी वास येतो, मग लक्षात येते. शक्यतो दोन खोल्यांमधील आतली भिंत निवडावी. बाथरूममध्ये केबिन ठेवू नये. तिथे ओल आणि वीज एकत्र येतात, शिवाय फरशीला उतार असतो. बाथरूमच्या लगतची खोली मात्र उत्तम, कारण घाम आल्यावर अंघोळ लागतेच.

बंद केलेल्या बाल्कनीत केबिन ठेवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. दोघांच्या केबिनचे वजन दीड-दोनशे किलो असते, त्यात बसणाऱ्यांचे वजन मिळवले की ते सव्वातीनशे किलोच्या घरात जाते. आपल्याकडील घरांच्या खोल्यांचे आराखडे साधारणपणे प्रत्येक चौरस मीटरला 200 किलो इतका वापराचा भार धरून केलेले असतात. खोलीत केबिनखालची जागा या हिशेबापेक्षा थोडी अधिक भारावली तरी उरलेली खोली मोकळी असते आणि स्लॅब भार वाटून घेतो, विशेषतः केबिन भिंतीजवळ, तुळईच्या रेषेत असेल तर. बाहेर झुकलेल्या बाल्कनीला असा आधार नसतो. जुन्या, सळ्या उघड्या पडलेल्या इमारतीत राहणाऱ्यांनी खोलीतसुद्धा केबिन ठेवण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत घ्यावे.

बंगल्यात तळमजल्यावर केबिन असेल तर वाळवीचा विचार आधी करावा लागतो. वाळवीचे औषध केबिन येण्यापूर्वी फरशीच्या सांध्यांत आणि भिंतीच्या कडेने मारून घ्यावे आणि खोली चांगली वारा खाऊ द्यावी. केबिन उभी राहिल्यानंतर तिच्या आत किंवा तळाला कोणतेही कीटकनाशक फवारू नये, कारण तेच औषध पुढे उष्णतेने हवेत उतरते आणि बंद जागेत बसलेला माणूस ते श्वासावाटे घेतो.

वीज

एका व्यक्तीची केबिन सुमारे दीड किलोवॉट, दोघांची पावणेदोन ते सव्वादोन किलोवॉट आणि तिघा-चौघांची तीन किलोवॉट किंवा त्याहून जास्त वीज घेते. 230 व्होल्टवर 2.2 किलोवॉटची केबिन साधारण साडेनऊ अँपिअर ओढते, म्हणजे 6 अँपिअरच्या नेहमीच्या प्लगवर ती कधीच चालवता येणार नाही. आकडा गीझरच्या जवळपास आहे, पण साठवणीचा गीझर पाणी तापले की बंद होतो आणि केबिनचे हीटर थंड खोलीत जवळजवळ संपूर्ण वेळ चालू राहतात. सैल जोडणी अशा सलग भाराखालीच तापते आणि काळवंडते.

म्हणून डिस्ट्रिब्यूशन बोर्डापासून केबिनपर्यंत स्वतंत्र सर्किट घ्यावे आणि त्यावर दुसरे काहीही जोडू नये. 16 अँपिअरपर्यंतच्या केबिनसाठी निदान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. अंतर लांब असेल किंवा केबिन दोन किलोवॉटच्या वर असेल तर 4 चौरस मिलिमीटरची ओढून घ्यावी, कारण भिंत एकदाच फोडायची असते आणि दोन वायरींच्या किमतीतला फरक त्या खर्चापुढे किरकोळ आहे. वायर आयएस 694 आणि प्लग-सॉकेट आयएस 1293 या मानकांचा आयएसआय शिक्का असलेले घ्यावेत. सर्किटला केबिनच्या भारानुसार 16 किंवा 20 अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) लावताना वायर, सॉकेट आणि एमसीबी एकमेकांना साजेसे आहेत ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. तीन किलोवॉटच्या पुढच्या केबिनसाठी प्लग नकोच. तिथे आयसोलेटरवरून, म्हणजे पुरवठा पूर्ण तोडणाऱ्या स्विचवरून, थेट जोडणी करावी.

आता आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारा स्विच. घामाने भिजलेल्या शरीराचा विजेला होणारा विरोध कोरड्या शरीरापेक्षा बराच कमी असतो, आणि केबिनमध्ये तर माणूस हीटरपासून हातभर अंतरावर, ओल्या अंगाने बसलेला असतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळती होताच क्षणार्धात वीज तोडतो. एमसीबी हे काम करत नाही, तो फक्त जास्त भार आणि शॉर्ट सर्किट ओळखतो. खर्च वाचवायचा असेल तर दिवे आणि स्पीकर यांवर वाचवावा, आरसीसीबीवर नाही. तसेच अर्थिंग खरोखर आहे का हे मोजून घ्यावे. जुन्या वाड्यांत आणि काही जुन्या इमारतींत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण त्याच्या वरच्या पिनेला मागे वायरच नसते, किंवा असलेली वायर कुठेतरी तुटलेली असते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि एक्स्टेन्शन बोर्डाचा विचारही करू नये.

विजेच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो. एसी, गीझर, इंडक्शन शेगडी आणि आता केबिन अशी बेरीज करून पाहावी. ती मंजूर भाराच्या पुढे जात असेल तर महावितरणकडे, किंवा मुंबईत ज्या कंपनीचा पुरवठा असेल तिच्याकडे, भार वाढवण्याचा अर्ज केबिन मागवण्यापूर्वीच करावा. चालवण्याचा खर्च फार नसतो. 1.7 किलोवॉटची केबिन तापायला 20 मिनिटे आणि बसायला 30 मिनिटे धरली तर एका वेळी जास्तीत जास्त दीड युनिट जाते. आठवड्यातून चार वेळा वापर झाला तर महिन्याला सुमारे 25 युनिट होतात. मात्र महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्यांनी वाढत जातो, त्यामुळे ही 25 युनिटे तुमच्या सध्याच्या वापराच्या शेवटच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यात मोजावीत. घरच्या इन्व्हर्टरवर ही केबिन चालवू नये.

गावाकडे व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर त्याचाही परिणाम दिसतो. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 ऐवजी 200 व्होल्ट मिळाले तर केबिन तीन-चतुर्थांश शक्तीनेच तापते आणि दोष मात्र हीटरला दिला जातो. याच नियमाची उलटी बाजू अधिक धोक्याची आहे. अमेरिकेहून परतताना तिथली केबिन सामानासोबत आणण्याचा विचार करणाऱ्या आपल्या मंडळींनी हे जरूर लक्षात घ्यावे, की तिथल्या लहान केबिन बहुधा 120 व्होल्टसाठी बनवलेल्या असतात आणि तशी केबिन इथल्या 230 व्होल्टला जोडली तर ती ठरलेल्या शक्तीच्या साडेतीन पटींहून जास्त वीज ओढू पाहते. हीटर जळतात, आणि ते लाकडाच्या पेटीत असतात.

केबिनची निवड

हीटर मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. कार्बनचे पॅनेल मोठ्या पृष्ठभागाचे, कमी तापणारे असतात आणि उष्णता सगळीकडे सारखी देतात; सिरॅमिकच्या नळ्या लहान पण जास्त तापतात आणि त्यांच्यासमोर अंग भाजल्यासारखे वाटते. पाठीला टेकून बसायचे असेल तर कार्बनचे पॅनेल बरे, असे माझे मत आहे. आपल्याकडे पायांकडचा भाग थंड राहण्याची तक्रार फार येते, म्हणून पोटरीसमोर आणि बाकाखाली हीटर आहे का, हे नक्की पाहावे.

‘फुल स्पेक्ट्रम’, म्हणजे जवळचे आणि दूरचे सगळेच अवरक्त किरण देणारी केबिन, या शब्दासाठी जास्तीचे पैसे मागितले जातात तेव्हा साध्या भौतिकशास्त्राचा आधार घ्यावा. सुमारे 100 अंशांना तापलेल्या पृष्ठभागाचे उत्सर्जन 8 मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते, म्हणजे ते दूर-अवरक्तच असते. जवळचे अवरक्त किरण निर्माण करायला हॅलोजनसारखा, हजारो अंश तापलेली तार असलेला दिवाच लागतो. केबिनमध्ये असे दिवे प्रत्यक्ष दिसत नसतील आणि नुसतीच काळी पॅनेल असतील तर त्या शब्दाला अर्थ नाही.

चुंबकीय क्षेत्राबद्दल अनेकांना काळजी वाटते. 50 हर्ट्‌झच्या क्षेत्रासाठी सर्वसामान्य लोकांकरिता 2010 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत 200 मायक्रोटेस्ला ही मर्यादा दिलेली आहे. विक्रेत्याला बसण्याच्या जागेवरचे माप लेखी मागावे, तेवढे पुरे.

लाकूड आणि डिंक यांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण आपण तिथली तापलेली हवा श्वासात घेत असतो. आयात केबिन बहुतेक हेमलॉकच्या किंवा सीडरच्या असतात. हेमलॉकला वास जवळजवळ नसतो. सीडरचा सुगंध मोहक असला तरी दम्याचा किंवा त्वचेच्या ॲलर्जीचा त्रास असलेल्यांना तो सोसत नाही. गाठी असलेले पाइनचे लाकूड उष्णतेने राळ सोडते. स्थानिक सुताराकडून केबिन करून घेण्याची कल्पना आकर्षक आहे आणि सागवान आपल्या हवेत टिकतेही. पण आतल्या बाजूला प्लायवूड, एमडीएफ, व्हेनिअर, मेलामाइन किंवा पीयू पॉलिश अजिबात नको, कारण त्यांच्या डिंकातून आणि लेपातून उष्णतेने फॉर्मल्डिहाइड आणि इतर वाफा बाहेर पडतात. आतले लाकूड उघडे, नुसते घासून गुळगुळीत केलेले असावे. हीटर आणि कंट्रोल मात्र सुताराच्या किंवा वायरमनच्या अंदाजाने जोडू नयेत; आयईसी 60335-2-53 या सॉना हीटर आणि इन्फ्रारेड केबिनसाठीच्या मानकानुसार तपासलेला संच आणि त्याचा दाखला मागावा. ठरलेल्या वेळी आपोआप बंद होणारा टायमर आणि तापमान फार वाढल्यास वीज तोडणारा स्वतंत्र कट-ऑफ या दोन गोष्टी नसलेली केबिन घेऊ नये. दरवाजाला कुलूप किंवा खिट्टी नको. आतून ढकलला की उघडला पाहिजे.

सेवेचीही खात्री करावी. भारतात कोणाकडे सुटे हीटर आणि कंट्रोल बोर्ड मिळतात, दुरुस्तीला माणूस कोणत्या शहरातून येतो, हे विचारून घेतल्याशिवाय सूट पाहून घाई करू नये.

उभारणी

सामान खोक्यांत, सपाट पॅनेलच्या रूपात येते. लिफ्टची आणि दरवाजांची मापे आधी घेऊन ठेवावीत, विशेषतः मागच्या पॅनेलची लांबी लिफ्टमध्ये तिरकी बसेल का, हे पाहावे. उभारणीला दोन धडधाकट माणसे आणि दोन ते तीन तास लागतात.

प्रथम फरशीवर पाणसळ ठेवून उतार तपासावा. टाइल्सच्या खोलीतही काही मिलिमीटरचा फरक निघतो आणि त्याने काचेचा दरवाजा नीट लागत नाही. गरज असेल तिथे तळाखाली लाकडाची नव्हे, तर ओल न धरणारी रबराची किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी द्यावी. तळ समतल झाला की मागचे पॅनेल उभे करावे, त्याला एका बाजूचे पॅनेल जोडावे, मग बाकाचे आधार आणि बाकाखालचा हीटर बसवावा आणि त्यानंतर दुसरी बाजू लावावी. हा क्रम मोडला तर बाक नंतर आत जात नाही. पुढचा काचेचा भाग शेवटी येतो. टफन्ड काचेचा कोपरा टाइलवर नुसता टेकला तरी पूर्ण काच एका क्षणात चुरा होऊ शकते, म्हणून खाली जाड सतरंजी अंथरून ठेवावी आणि काच नेहमी दोघांनी धरावी. चारही भिंती उभ्या राहिल्यावर वरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले की चौकट काटकोनात आहे. मगच छत ठेवावे.

हीटरच्या वायरींची टोके छतावरच्या कंट्रोल बॉक्सशी जोडताना प्रत्येक जोडणी शेवटपर्यंत बसल्याचे पाहावे आणि वायर कुठल्याही पॅनेलच्या कडेखाली चेपलेली नाही ना, हेही पाहावे. परदेशी पिनेचा प्लग आला असेल तर त्याला युनिव्हर्सल अडॅप्टर लावू नये. वायरमनकडून तो काढून 16 अँपिअरचा भारतीय प्लग बसवून घ्यावा.

पहिला वापर आणि पावसाळा

पहिल्यांदा केबिन कोणीही न बसता, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवून तासभर पूर्ण तापमानावर चालवावी आणि तो कारखान्यातला वास जाईपर्यंत हे आणखी एक-दोनदा करावे. याच वेळी प्लग आणि एमसीबी यांना हाताच्या पाठीने बाहेरून स्पर्श करून पाहावा. किंचित कोमट लागले तर हरकत नाही. चटका बसत असेल तर वीज बंद करून जोडणी तपासायला लावावी.

सुरुवात 45 अंशांवर, 10 ते 15 मिनिटांनी करावी आणि काही आठवड्यांत सोसेल तसे वाढवत 30 मिनिटांपाशी थांबावे. आधी आणि नंतर पाणी प्यावे. घाम फार येत असेल तर ताक किंवा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी चांगले. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून ठेवावे, कारण धातू हीटरसमोर पटकन तापतो. तेल लावून आत बसू नये. तेलाचे डाग लाकडातून निघत नाहीत आणि फरशी निसरडी होते. बाकावर आणि पायांखाली सुती टॉवेल घ्यावा. बसताना घरात दुसरे कोणी तरी असावे, निदान पहिले काही दिवस. एप्रिल-मे महिन्यांत पुण्या-नागपूरकडे खोली स्वतःच इतकी तापलेली असते की केबिनमधून बाहेर आल्यावर शरीर निवायला जागाच उरत नाही, त्यामुळे त्या दिवसांत पहाटेची वेळ निवडावी किंवा वापर कमी करावा.

वापर झाल्यावर घामाचे थेंब ओलसर फडक्याने पुसून दरवाजा तासभर उघडा ठेवावा. साबण, फिनाइल किंवा जंतुनाशक द्रव आत वापरू नये. बाक काळपट पडला तर बारीक सँडपेपरने हलकेच घासला की लाकूड पुन्हा स्वच्छ होते. पावसाळ्यात केबिन वापरात नसली तरी आठवड्यातून दोनदा 15-20 मिनिटे रिकामी चालवावी, म्हणजे लाकूड ओल धरत नाही आणि दरवाजा फुगून अडत नाही. महिन्यातून एकदा मागच्या फटीत बॅटरीचा उजेड टाकून बुरशी किंवा वाळवीची माती दिसते का, ते पाहावे. आरसीसीबीचे टेस्ट बटण त्याच दिवशी दाबावे. बटण दाबूनही वीज गेली नाही, तर तो बदलून होईपर्यंत केबिन चालू करू नये. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, वायरमनला बोलावून बोर्डातील आणि सॉकेटमागील स्क्रू घट्ट करून घ्यावेत.